स्त्रीलिंग आणि पुल्लिंग टाळून 'मी' कसे बोलावे?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा)
माझे वय 24 आहे आणि घरची कपाशी सांभाळणे हे माझे काम आहे. मी स्वतःला स्त्रीही मानत नाही आणि पुरुषही मानत नाही. इंग्रजीत एका व्यक्तीसाठीही 'दे' (they) हे अनेकवचनी सर्वनाम चालते आणि स्वीडिश अकादमीने 2015 साली 'हेन' हे स्त्री-पुरुष भेद न करणारे सर्वनाम आपल्या शब्दसूचीत घेतले. पण त्या भाषांत प्रश्न इतरांनी माझ्याविषयी काय म्हणावे एवढाच उरतो. मराठीत मला स्वतःविषयी बोलतानाच 'येतो' की 'येते' हे ठरवावे लागते. 'आम्ही' म्हणून पाहिले, पण गावात तो बडेजाव वाटतो. कसे बोलावे?

प्रतिसाद (निवृत्त मराठी शिक्षक, वर्धा जिल्हा)
आपण स्वतःविषयी जे लिहिले आहे, त्यात एकही क्रियापद स्त्रीलिंगी वा पुल्लिंगी नाही, म्हणजे निम्मी वाट आपल्याला सापडलेलीच आहे. भविष्यकाळातील 'मी येईन', 'मी करीन' यांना लिंग नसते. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, म्हणून 'मी भाकरी खाल्ली', 'मी फवारणी केली' हे कोणीही म्हणू शकते. 'मला जायचे आहे' हेही तसेच. अडचण उरते ती 'येतो', 'गेलो', 'होतो' या रूपांची. निरोप घेताना 'येतो' ऐवजी 'येईन मग' म्हटले तरी कोणाला खटकणार नाही. दिवसभर असे तोलून बोलणे थकवणारे असते, हे मात्र मी मान्य करतो.

प्रतिसाद (सिरोंचा, गडचिरोली जिल्हा)
आमच्याकडील तेलुगू घरांत 'नेनु वस्तानु', म्हणजे 'मी येईन', हे स्त्री-पुरुष सारखेच म्हणतात. इतरांविषयी बोलताना तेलुगूतही भेद येतो, परंतु 'वारु' हे आदरार्थी सर्वनाम सर्वांना चालते. कोल्हापूरकडच्या मुलीही 'मी आलो' म्हणतात, तेव्हा 'आलो' म्हणणारी व्यक्ती पुरुषच असली पाहिजे असे नाही.

प्रतिसाद (एक आई, अमरावती जिल्हा)
माझे अपत्यही असेच आहे. नपुंसकलिंगी 'ते' मोठ्या माणसाला लावले की वस्तूविषयी बोलल्यासारखे वाटते, म्हणून मला ते जड गेले. पण 'लेकरू' हा शब्द पूर्वीपासून आमच्या घरात होताच, आणि 'माझं लेकरू शेतातून आलं' असे म्हणताना मला काहीही नवे शिकावे लागले नाही. परक्यांनी 'दादा' किंवा 'ताई' म्हणू नये असे वाटत असेल, तर आपल्या भागातले 'या जी, बसा जी' पुरेसे आहे.

प्रश्नकर्ता व्यक्ती
सर्वांचे मनापासून आभार. उद्या शेतात निघताना आईला 'येईन मग' म्हणून पाहीन.