शास्त्रीय नावंही बदलतात

'स्थानिक नावं गावागणिक बदलतात, शास्त्रीय नाव मात्र एकदा ठरलं की कायमचं' असं बरेचदा म्हटलं जातं. पहिला भाग मान्य, दुसरा नाही. आपली बाभूळच घ्या. शास्त्रीय नावांची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये तिला 'मिमोसा निलोटिका' म्हटलं, पुढे ती 'अकेशिया निलोटिका' झाली आणि आता 'व्हॅचेलिया निलोटिका' आहे. खैरही आधी अकेशियातच होता, तो गेला 'सेनेगॅलिया'त. अकेशिया हा अवाढव्य जीनस (जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) एकाच वंशाचा नाही हे लक्षात आल्यावर त्याचे तुकडे पडले. नियमाप्रमाणे नमुना-जाती (जिच्याशी जीनसचं नाव कायम बांधलेलं असतं ती जाती) ज्या तुकड्यात, मूळ नाव त्या तुकड्याचं. अकेशियाची नमुना-जाती होती खुद्द बाभूळ! पण ऑस्ट्रेलियात हजाराच्या आसपास जाती, त्या सगळ्यांची नावं कोण बदलणार? म्हणून २००५ च्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्ना अधिवेशनात नमुनाच बदलून ऑस्ट्रेलियन जाती ठेवली गेली. त्यामुळे आफ्रिकेतल्या जातींचं अकेशिया हे नाव गेलं, म्हणून तिथल्या लोकांनी बराच आरडाओरडा केला (रास्तच होता, माझ्या मते), तरी २०११ ला मेलबर्नच्या अधिवेशनात त्यावर शिक्कामोर्तब झालं.

विभागणी मात्र पोकळ नाही, काटे बघून कळते. बाभळीचे, हिवराचे काटे सरळ, पानाच्या बुडाशी जोडीने. खैराचे आखूड आणि आकडीसारखे वळलेले. आणि कोकणात वनीकरणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन अकेशियाला काटेच नाहीत. त्याची कोयत्यासारखी 'पानं' म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ. नुकतं उगवलेलं रोप बघा, त्याला सुरुवातीला बाभळीसारखीच बारीक संयुक्त पानं येतात.