उसाच्या सिरक्याला बादली घ्यावी की काचेचा बाटला?

गूळभेंडी:
मंडळी, एक सल्ला पाहिजे. शेजारच्या गुऱ्हाळावरनं दरवर्षी चार-पाच लिटर रस आणतो आणि सिरका घालतो. यंदा २० लिटरचा घाट घातलाय, म्हणून भांड्याचा प्रश्न आला. मित्राकडं जुन्या प्रयोगशाळेतला २० लिटरचा काचेचा बाटला पडून आहे, चिंचोळ्या तोंडाचा. फुकट देतोय. लक्ष्मीपुरीत झाकणाची पांढरी बादली बघून ठेवलीय. उद्यमनगरात प्लेटिंगवाल्याकडं निळे कारबॉय (ॲसिडचे मोठे प्लास्टिकचे कॅन) पण स्वस्तात मिळतायत.

मागच्या वर्षी रंगाच्या रिकाम्या डब्यात घातला होता. दहा वेळा धुतला होता, तरी सिरक्याला डिस्टेंपरचा वास. आईनं त्यानं न्हाणी घासून काढली आणि वर म्हणाली, "एवढ्यासाठी रस कशाला नासवलास, फिनेल आणलं असतंस की." यंदा परत तसं नको. काय घेऊ?

पेठेतला:
फुकट मिळतंय तर काच घे की भावा, विचारतोस काय! काचेला वास लागत नाही. आणि त्या निळ्या कारबॉयला हात लावू नको. त्यात ॲसिड नाहीतर प्लेटिंगचं पाणी असतंय. धुऊन जात नाही ते.

परत_कोल्हापुरात:
कारबॉयचं पेठेतल्यानं बरोबर सांगितलंय. काचेबद्दल मात्र माझं ऐका.

मी सहा वर्षं मेलबर्नला होतो. तिथं घरी बिअर करायला मुभा आहे. (इथं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय नाही करता येत, म्हणून आल्यापासून बंद.) सुरुवातीला बादलीत करायचो. मग काचेचा बाटला घेतला, कारण दिसायला भारी. आत फेस कसा चढतो, यीस्ट तळाशी कसं बसतं, सगळं बाहेरनं दिसतं. संध्याकाळी कामावरनं आलो की खुर्ची टाकून बघत बसायचो. बायको म्हणायची, टीव्ही विकून टाकू या.

आता वजन बघा. २३ लिटर बिअर आणि काचेचे सहा-सात किलो. म्हणजे मार्केट यार्डातला ३० किलोचा गुळाचा रवा, पण गुळगुळीत, आणि धरायला कुठं काही नाही. एकदा धुतल्यावर हात ओले होते. गॅरेजच्या काँक्रीटवर खाली ठेवताना तळ नुसता टेकला, आपटलाही नाही. टक्क असा आवाज आला आणि बाटला उभा चिरला. तळहाताला पाच टाके. खूण आहे अजून, मूठ वळली की ओढ लागते. शिवाय काचेत गरम रस ओतला की तडकतो, आणि मान चिंचोळी असल्यामुळं फेसाचा वाळलेला कडा आत धरला तर वाकड्या ब्रशनं तासभर झटापट.

त्यानंतर परत बादलीवर आलो. बादली उचलायला कडी, हात आत घालून धुता येते, वर फेसाला जागा. बाटला गळ्यापर्यंत भरला की फेस बुचात बसवलेल्या गॅसच्या नळीत जाऊन अडकतो आणि बूच उडतं. माझं छताला लागलं होतं.

बादलीच्या खोड्याही सांगतो. घेताना उलटी करून बघा. तळाला त्रिकोणात २ असेल तर प्लास्टिक एचडीपीई. पण तेवढ्यावर जाऊ नका, रंगाचे डबेही २ नंबरचे असू शकतात. खाण्याच्या वस्तूंसाठी म्हणून विकतात तीच, कोरी घ्यायची. तारेची घासणी अजिबात लावायची नाही. ओरखडा पडला की त्यात जंतू घर करतात. एकदा लोणचं ठेवलेली बादली जन्मभर लोणच्याचीच. आणि झाकण कधी पुरतं बसत नाही, गॅस कडेनं जातो, त्यामुळं नळीतून बुडबुडे येत नाहीत. पहिल्या वेळी मला वाटलं आंबतच नाही, म्हणून आणखी यीस्ट टाकलं. मग हायड्रोमीटर (साखर किती उरली ते दाखवणारी काचेची तरंगती नळी) बुडवला तर बिअर केव्हाच झालेली! बुडबुडे मोजायचे नाहीत.

जास्त दिवस ठेवलं तर प्लास्टिकमधनं हवाही थोडी थोडी आत शिरते. बिअर दोन-तीन आठवडे बादलीत बिनघोर राहते, महिनोन् महिने मुरवायची असेल तर काच. पण तुमचं उलटं आहे. बिअरवाला हवेला घाबरतो, सिरक्याला हवाच लागते.

पहिल्यांदा साखरेची दारू होते तेव्हा हवा बंद. मग दारूचं आम्ल होतं तेव्हा वरचा थर जितका रुंद तितकं चांगलं. बाटला गळ्यापर्यंत भरलात तर हवेला रुपयाएवढी जागा. वर्ष गेलं तरी आंबट व्हायचा नाही. म्हणून पहिला टप्पा बादलीत. झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवा, दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात. दुसऱ्या टप्प्याला रुंद तोंडाची बरणी, वर जुन्या मलमलीचं दुहेरी फडकं दोऱ्यानं आवळून. नुसतं टाकलं तर चिलटं आत जातातच. वर पांढरी साय धरेल, ती टाकू नका. तिकडं तिला सिरक्याची आई म्हणतात.

लॅबवाले काका:
मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होतो, म्हणून रसाबद्दल दोन शब्द. भांडं कितीही चांगलं घेतलं तरी शिळ्या उसाचा रस असेल तर उपयोग नाही. ऊस तोडून पडला की त्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू वाढतात आणि रस बुळबुळीत होतो. आमच्याकडं तो पंपात आणि गाळणीत अडायचा, तुमच्याकडं बादलीत तार सुटेल. ताजा रस आणून लगेच उकळी द्या, मळी काढा, झाकून पूर्ण गार होऊ द्या. मगच यीस्ट, बेकरीचं चालेल.

दुसरं, ताजा रस साधारण १८ ते २० ब्रिक्स असतो, म्हणजे शंभर भागांत साधारण तेवढी साखर. तसाच आंबवला तर दारू दहा टक्क्यांच्या आसपास जाते आणि सिरक्याचे जंतू मागं हटतात. दोन लिटर रसाला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी घाला, १२-१३ वर येईल. म्हणजे २० लिटर भरायला रस १३-१४ लिटरच लागेल.

गूळभेंडी:
काका, रसाचे पैसे वाचवलेत. @परत_कोल्हापुरात, बादली पक्की. पण बाटला मित्रानं घरी आणून ठेवलाय. परत दिला तर राग येईल. आणि उन्हाळ्यात उकाड्याचं काय करू?

परत_कोल्हापुरात:
बाटला दुसऱ्या टप्प्याला वापरा, पण अर्धाच भरा, पोट रुंद आहे तिथपर्यंत. आधी जागा ठरवा, रिकामा ठेवा आणि तिथंच नळीनं भरा. भरल्यावर कुणी हात लावायचा नाही, आईंनी झाडायला सरकवायला सांगितला तरी. खाली दुमडलेलं गोणपाट.

उकाड्याचं म्हणाल तर बिअरला २० अंशांच्या आसपास लागायचं, तुम्हाला २५ ते ३० लागतंय. म्हणजे इथली हवा बरीच सोयीची. एप्रिलमध्ये बादलीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. आंबताना आत बाहेरपेक्षा दोन-चार अंश जास्तच असतं.

गूळभेंडी:
शनिवारी रस आणतो. बादली आणली, खाण्याच्या मालाचीच आहे ना हे दुकानदाराला तीनदा विचारून. तळाला २ आहे, आत्ताच उलटी करून बघितली. आईनं विचारलं काय बघतोयस, म्हटलं नंबर. ती म्हणाली, "मटका लावलास काय?"