जुनी ऑक्टाव्हिया आरएस: मूळ पार्टच घालायचा की बाहेरचा चालेल?

टॉर्क-पाना
भारतात २००४ च्या सुमारास आलेली स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस आता विशीची झाली. १७८१ सीसी, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, छोटा के०३ टर्बो, १५० पीएस. नाना पेठेत तिचा कुठलाही पार्ट मागा, काउंटरवर तीन डबे येतात आणि तिन्ही "ओरिजनलच आहे साहेब". वाद तिथूनच सुरू होतो, म्हणून हा धागा.

माझी बाजू आधीच सांगतो. टायमिंग बेल्टचा किट, पाण्याचा पंप आणि ब्रीदरच्या (इंजिनातली तेलाची वाफ वाहून नेणाऱ्या) नळ्या मूळ दर्जाच्याच हव्यात. पत्र्याच्या पंख्याचा पंप, सिलिकॉन नळ्या, टर्बोची जादा हवा फुस्स करून बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आणि प्लगला ठिणगी देणाऱ्या बाहेरच्या लाल कॉइल यांवरचा पैसा वाया. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो, मग हेड उतरवल्याशिवाय सुटका नाही. आणि या गाड्या आता रविवारपुरत्याच बाहेर पडतात, तेव्हा नुसते किलोमीटर मोजू नका. ९०,००० किमी किंवा ५ वर्षं, जे आधी होईल ते. सोबत टेन्शनर, त्याचा हायड्रॉलिक डॅम्पर, रोलर आणि पंपही बदला. पंप त्याच बेल्टवर फिरतो. जुनाच ठेवलात तर तीच मजुरी पुन्हा मोजायची तयारी ठेवा.

कात्रजचा बोगदा
बेल्टबद्दल दुमत नाही, पंपाबद्दल आहे. याच इंजिनाच्या मूळ पंपाचा प्लॅस्टिकचा पंखा कुप्रसिद्ध आहे. उष्णतेनं तो कडक होतो, तडकतो आणि शाफ्टवर सैल पडतो. शाफ्ट फिरतो, पंखा जागेवर. घाट चढताना काटा वर सरकतो आणि हीटर लावला तर गार हवा येते. धातूचा पंखा शाफ्टवर घट्ट बसवलेला असतो, त्याला हा रोगच नाही. जी चीज मोडते हे सगळ्यांना माहीत आहे, तीच पुन्हा "मूळ" म्हणून घालायची?

टॉर्क-पाना
पंपाचं बेअरिंग ढिलं झालं की पंखा डगमगतो. प्लॅस्टिकचा असेल तर स्वतः झिजतो, धातूचा ब्लॉकमधली पोकळी खरवडतो. पंप बदलता येतो, ब्लॉक नाही. शिवाय स्वस्त पंपांची पत्र्याची पाती कशीही वाकवलेली असतात, पाणी किती ढकलतील याचा भरवसा नाही. पंप दर बेल्टला बदलला तर पंखा तडकायची वेळच येत नाही.

आणि पंपाला दोष देण्याआधी कूलंट बघा. गुलाबी जी-१२ मध्ये कुणीतरी हिरवं ओतलं की तपकिरी गाळ होतो आणि हीटर कोअर तुंबतो. बोअरचं पाणी तर अजिबात नको. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

नट-बोल्ट
दोघंही पंपावर भांडताय, पण पंपच गेला हे ठरवलं कुणी? काट्यानं? या गाडीचा काटा ९० वर चिकटवून ठेवलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांत तो हलतच नाही. म्हणजे तो हलला, तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. स्कॅनर लावून प्रत्यक्ष तापमान बघा. थर्मोस्टॅट ८७ अंशांच्या आसपास उघडतो. मोकळ्या रस्त्यावर आकडा ७० लाच घुटमळत असेल तर तो उघडा अडकलाय, पंपाचा संबंध नाही. आकडा उड्या मारत असेल तर चार पिनांचा सेन्सर बदला. जुना काळ्या डोक्याचा असायचा, सुधारित हिरव्या डोक्याचा येतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच काढा. क्लिप हातातून निसटून गिअरबॉक्सवर पडते, आधी खाली फडकं पसरा. आणि ओ-रिंग नवीनच घाला.

पेठकर
नळ्यांचं बोला. मूळ रबरी ब्रीदर नळी डब्यात नवी असते, पण गोदामात ती किती वर्षं पडून आहे हे दुकानदारही सांगू शकणार नाही. वाढत्या वयाचं रबर चौपट भावानं का घ्यायचं? सिलिकॉन उष्णतेला खूप टिकतं.

टॉर्क-पाना
उष्णतेला टिकतं, तेलाला नाही. ब्रीदरमधून जाते ती तेलाची वाफ. साधं सिलिकॉन ती शोषतं, फुगतं, बाहेरून तेलकट होतं आणि क्लॅम्पखाली सरकतं. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं लिहिलेली नळी घ्या, रंग बघून नाही. टर्बो ते इंटरकूलर किंवा कूलंटला साधं सिलिकॉन खुशाल घाला, माझी हरकत तिथे नाही.

पेठकर
बरं, एवढं मान्य. पण गोदामातल्या रबराचं उत्तर मिळालं नाही.

नट-बोल्ट
उत्तर बोटांत आहे. नळी दुमडून बघा, बारीक भेगा दिसल्या तर परत करा. गाडीवरच्या नळ्यांसाठी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. आयडलला +१० टक्क्यांच्या वर आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय. बहुतेकदा मॅनिफोल्डखालची नळी, जी वरून दिसतच नाही. धूर सोडून शोधा, अंदाजानं पार्ट बदलत बसू नका.

ब्लो-ऑफबद्दल थोडक्यात: एअर मास सेन्सरनं मोजलेली हवा तुम्ही बाहेर सोडता, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मात्र तेवढं पेट्रोल टाकतोच. गिअर बदलताना झटका आणि मागे काजळी. तीच हवा बाहेर न सोडता परत आत वळवणारा मूळ ७१० एन डायव्हर्टर व्हॉल्व्ह पुरे. तपासायला पिस्टन आत दाबा, बारीक नळीचं तोंड बोटानं बंद करा. पिस्टन तिथेच थांबला तर पडदा शाबूत.

कात्रजचा बोगदा
ब्लो-ऑफवर मी तुमच्याच बाजूला. लाल कॉइलला मात्र उगाच झोडपताय. पॉवर वाढत नाही, हे खरं. पण मूळ कॉइलइतक्याच किमतीत मिळत असतील आणि अडॅप्टर नीट बसत असेल तर बिघडलं कुठे?

टॉर्क-पाना
कॉइलच गेलीय हे आधी सिद्ध करा. एक नंबरची कॉइल तीनवर घाला. स्कॅनरवर पी०३०१ (एक नंबरचा सिलिंडर मिसफायर) हा कोड जाऊन पी०३०३ (तीन नंबरचा) आला तर कॉइल, नाहीतर प्लग किंवा इंजेक्टर. प्लगचा गॅप ०.८ मिमी, आवळणं ३० न्यूटन-मीटर. इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

पेठकर
आणि चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी? पुण्यातल्या स्पीड ब्रेकरांवर ॲल्युमिनियमचं चेंबर तडकतं. खालचा भाग लोखंडी असलेलं बसवावं, हे तरी मान्य करा.

नट-बोल्ट
तडकलेलं चेंबर खाली थारोळं करतं, लगेच कळतं. लोखंडी चेपतं आणि गप्प बसतं. तो पोचा आतल्या ऑइल ओढणाऱ्या जाळीला टेकला की ऑइल ओढलं जात नाही, आणि टर्बो आधी जातो. लोखंडी घाला, पण दर ऑइल बदलाला खालून हात फिरवा. बसवताना पॅकिंग नसतं, सिलिकॉनची लेस लागते. २ ते ३ मिमी जाडीची, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. जास्त फासलं तर आत पिळून आलेला तुकडा त्याच जाळीत अडकतो. बसवल्यावर अर्धा तास थांबूनच ऑइल भरा.

कात्रजचा बोगदा
ॲल्युमिनियम ठेवा आणि खाली गार्ड लावा, म्हणजे दोन्ही कटकटी नाहीत. फक्त ड्रेन बोल्टखाली भोक हवं, नाहीतर गॅरेजवाला आळसानं जुनं ऑइल वरून पंपानं ओढतो आणि तळाचा गाळ तसाच राहतो.