आईच्या पायात सिरॅमिकचे दाणे भरलेत, ते टिकतील का?

निळाई
आई (वय ६३) चार महिन्यांपूर्वी जिन्यावरून पडली. गुडघ्याच्या लगेच खालचं हाड, टिबियल प्लॅटू म्हणतात ते, वरून दबून आत बसलं होतं. ऑपरेशनमध्ये ते उचलून प्लेट आणि स्क्रू लावले आणि उचलल्यावर खाली जी पोकळी राहिली तिच्यात सिरॅमिकचे दाणे भरले. डॉक्टर म्हणाले की कमरेचं हाड काढून भरता आलं असतं पण मग तिथे वेगळी जखम, वेगळं दुखणं, त्यापेक्षा हे बरं. तेव्हा घाईत मी हो म्हटलं पण आता घरी रोज विचार येतो की सिरॅमिक म्हणजे आपल्या कपबशीचंच ना, ते फुटतं, आणि हे तर म्हणे मुद्दाम छिद्रं ठेवलेलं असतं. मग आई त्या पायावर उभी राहिली की चुरा नाही का होणार? परवाच्या एक्स-रेमध्ये दाणे अजून पांढरेशुभ्र दिसतायत, म्हणजे हाड धरत नाहीये असं असेल का? कुणाला माहीत असेल तर प्लीज नीट समजावून सांगा.

ऑर्थो_रेसिडेंट
ताई, आधी चुऱ्याचं सांगतो. आईंचं वजन मुख्यतः त्या दाण्यांवर नसतं, ते प्लेट आणि स्क्रू पेलतात, आणि हाड जुळेपर्यंत त्यांच्यावरही फार ताण नको म्हणून सुरुवातीचे दोन-तीन महिने पाय टेकू देत नाहीत. दाण्यांचं काम वेगळं आहे, उचललेला भाग परत खाली बसू नये म्हणून खालून आधार द्यायचा आणि नव्या हाडाला चढायला मांडव द्यायचा. वेलीला मांडव लागतो ना, तसंच.

हे दाणे बहुतेक कॅल्शियम फॉस्फेटचे असतात. त्यातलं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट म्हणजे आपल्या हाडात जे खनिज असतं जवळजवळ तेच, त्यामुळे शरीर त्याला परकं मानत नाही. आणि छिद्रं म्हणाल तर ती हवीतच! छिद्र साधारण १०० मायक्रॉनच्या वर, म्हणजे केसाच्या जाडीएवढं तरी, आणि ३०० च्या आसपास असेल तर अजून चांगलं, कारण आत नुसत्या पेशी जाऊन भागत नाही, रक्तवाहिनी शिरावी लागते, रक्त पोचलं नाही तर आत हाड होत नाही.

एक्स-रेत पांढरं दिसण्याचं टेन्शन घेऊ नका, हे सिरॅमिक हाडापेक्षा दाट दिसतंच. बघायचं असतं ते दाण्यांच्या कडा पुसट होतायत का (म्हणजे हाड धरतंय) आणि दाणा व हाड यांच्यात काळी रेघ राहिलीय का (म्हणजे तिथे अजून धरलेलं नाही). पण ते तुमच्या सर्जननाच एक्स-रे समोर ठेवून विचारा, आणि पायावर किती भार टाकायचा हेही तेच ठरवतील.

फौंड्रीवाला_शिरोली
मी डॉक्टर नाही, कोल्हापूरला फौंड्रीत आहे, पण छिद्राचं सिरॅमिक रोज हातात असतंय म्हणून लिहितो. आम्ही मोल्डमध्ये रनरला, म्हणजे वितळलेला धातू साच्यात जायच्या वाटेला, सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचा फोम फिल्टर बसवतो, दिसायला अगदी भांडी घासायच्या स्पंजसारखा, आणि त्यातनं १४०० डिग्रीचं लोखंड जातंय. स्लॅग (धातूवरची मळी), वाळूचे कण वर अडकतात आणि उसळत येणारा धातू पलीकडं शांत वाहतो. स्टीलला हे चालत नाही, तिथं झिर्कोनियाचा लागतो. तुम्ही म्हणता ते खरं आहे, ठिसूळ असतंच, धातूची धार सरळ वरनं फिल्टरवर आपटली तर तुकडा मोडून कास्टिंगमध्येच जातो. म्हणून त्याला चारी कडांनी नीट बसकण देतात आणि धार बाजूनं आणतात. सिरॅमिकला दाब चालतो, ठोका आणि वाक चालत नाही. डॉक्टरांनी प्लेट लावलीय ती त्याचसाठी असणार बघा.

मृण्मयी
फौंड्रीवाले दादा, तुमचा फिल्टर स्पंजसारखा दिसतो कारण तो मुळात स्पंजच असतो! पॉलियुरेथेनचा फोम सिरॅमिकच्या घोळात बुडवायचा, पिळायचा, वाळवायचा आणि भाजायचा, भट्टीत फोम जळून जातो आणि त्याचा सांगाडा सिरॅमिकमध्ये उरतो. १९६३ चं अमेरिकन पेटंट आहे हे, आणि हाडासाठीचे सच्छिद्र तुकडेसुद्धा याच पद्धतीने करता येतात. आमच्या लॅबमध्ये मी हेच करते म्हणून एवढ्या उत्साहाने सांगतेय. आपले कुंभार मातीत घोड्याची लीद, राख कालवतात, त्यातली लीद भाजताना जळते आणि जागा मोकळी होते, त्यातूनच माठ पाझरतो आणि पाणी गार होतं. तत्त्व तेच आहे.

निळाई, यात खरी कळीची गोष्ट म्हणजे छिद्रं एकमेकांना जोडलेली असणं. बंद छिद्रं कितीही असली तरी हाडाला उपयोग नाही, आत जायला वाटच नाही. म्हणून तर लोक समुद्रातल्या प्रवाळाकडे वळले, त्याची छिद्रं निसर्गतःच जोडलेली असतात. १९७४ मध्ये रॉय आणि लिनेहन यांनी प्रवाळ फॉस्फेटच्या द्रावणात उष्णता आणि दाबाखाली ठेवून त्याचं हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट केलं, आणि आतली रचना जशीच्या तशी राहिली. मला अजूनही ते वाचताना भारी वाटतं.

आणि एक, फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर दाणे कशाचे आहेत ते बघा. त्यावर बरंच अवलंबून आहे.

निळाई
सगळ्यांना मनापासून थँक्यू, आईलाही मोठ्याने वाचून दाखवलं, मांडवाचं तिला लगेच पटलं, तिने परसात दोडक्याचे वेल लावलेत. स्टिकर सापडलं, त्यावर हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट ६० टक्के आणि बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ४० टक्के असं आहे. म्हणजे काय? पुढे कधीतरी परत काढावं लागेल का?

ऑर्थो_रेसिडेंट
नाही, दाणे काढायला म्हणून ऑपरेशन करत नाहीत. ट्रायकॅल्शियमचा भाग महिन्यांच्या हिशेबात हळूहळू विरघळतो, तो सोडेल ती जागा नवं हाड घेतं. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट मात्र वर्षानुवर्षं तसंच हाडात गुंतून राहतं, म्हणजे पुढच्या वर्षीही एक्स-रेत थोडं पांढरं दिसेल, तेव्हा घाबरू नका. जिथे ऑपरेशन झालंय तिथे लाली, सूज, ताप किंवा पाणी येणं असं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा. आणि पुढच्या व्हिजिटला जुने सगळे एक्स-रे सोबत न्या, एकट्या फिल्मवरून कळत नाही, शेजारी शेजारी लावले की कडा पुसट झाल्यात का ते दिसतं.