मदत हवी आहे: ट्रिपेल आणि गोल्डन स्ट्राँग एल यांत फरक कसा ओळखायचा?

मंडळी, बेल्जियन बिअर चवीने पिणाऱ्यांना एक विचारायचंय. वेस्टमाले ट्रिपेल आणि गोल्डन स्ट्राँग एल शैलीतली डुव्हेल कागदावर बघितल्या तर अगदी जुळ्या बहिणी. दोन्ही सोनेरी, दोन्हींत फिकट माल्ट आणि साखर, दोन्ही बाटलीत पुन्हा आंबवलेल्या. अल्कोहोल ९.५ आणि ८.५ टक्के.

मला जाणवतं ते असं: डुव्हेलचा फेस ग्लासाबाहेर यायला बघतो, बुडबुडे जिभेला टोचतात, नाशपातीसारखा वास येतो आणि शेवट कोरडाठाक. वेस्टमाले जरा भरीव लागते, पिकलं केळं, थोडा मसाला, आणि कडवटपणा मागाहून येतो. पण हे खरंच त्या त्या शैलीचं लक्षण, की फक्त दोन ब्रुअरींच्या यीस्टची करामत? ट्रिपेल मठातली, १९३४ पासूनची. डुव्हेल आधी गडद होती, सोनेरी झाली १९७० च्या सुमारास. इतिहास वेगळा म्हणून शैलीही वेगळी मानायची, हे काही मला पटत नाही.

अँटवर्पला राहते, त्यामुळे बाटल्या सहज मिळतात. मित्रमंडळींना लेबल झाकून चाखायला द्यायचा बेत आहे. या दोघींच्या जोडीला दोन्हीकडची आणखी एकेक कोणती घेऊ? (ट्रिपेल कार्मेलिएट नको, त्यात गहू आणि ओटही असतात, गोंधळ वाढेल.) फ्रिजमधून किती आधी काढू? आणि तळाचा गाळ ग्लासात ओतायचा की बाटलीतच ठेवायचा? इथे यावरून भांडणं होतात, म्हणून आधीच विचारून ठेवते.