शब्दचर्चा: ‘असॉल्ट रायफल’, ‘अर्धस्वयंचलित’ आणि ‘लष्करी धाटणीची’ बंदूक

प्रश्न: अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की आपल्याकडच्या बातम्यांत त्याच एका बंदुकीला कोणी ‘असॉल्ट रायफल’ म्हणतं, कोणी ‘स्वयंचलित बंदूक’, तर कोणी थेट ‘मशीनगन’. यातलं बरोबर काय? आणि ‘मिलिटरी-स्टाइल’साठी मराठीत काय वापरावं?

उत्तर: बहुतेक वेळा ती बंदूक एआर-१५ जातीची असते आणि तिला या तिन्हींपैकी एकही शब्द नीट लागू पडत नाही.

स्वयंचलित म्हणजे चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझीन (बंदुकीला लागणारा गोळ्यांचा डबा) रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘प्रतिबंधित शस्त्रं’ सांगताना जवळपास हीच व्याख्या आहे. अर्धस्वयंचलित बंदुकीत दर वेळी चाप ओढावा लागतो, पण पुढची गोळी आपसूक नळीत येऊन बसते. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीला एक बार काढला की पुन्हा दारू ठासत बसावं लागतं. इथे बोट जेवढं भराभर चालेल तेवढ्या गोळ्या.

‘असॉल्ट रायफल’ ही सैनिकाची, दोन्ही प्रकारे चालणारी बंदूक. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ‘श्टुर्मगेवेअर’वरून हे नाव रूढ झालं. एआर-१५ मधला ‘एआर’ मात्र ‘असॉल्ट रायफल’चा नव्हे, आर्मालाइट या कंपनीचा. बंदूकवाले नेमकी हीच चूक पकडतात आणि पुढचा सगळा वेळ पत्रकाराच्या अज्ञानावर जातो. सँडी हुकच्या शाळेत २०१२ मध्ये २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली ती अर्धस्वयंचलित बंदुकीनेच, हे बाजूला राहतं.

‘मिलिटरी-स्टाइल’ला मी ‘लष्करी धाटणीची’ म्हणेन. ‘लष्करी बनावटीची’ नको: एक तर ती लष्कराच्या कारखान्यात बनली असं वाटतं, आणि ‘बनावट’ दिसलं की मराठी वाचक आधी खोट्या नोटाच आठवतो.

दुसरा प्रतिसाद: बातमीत ‘धाटणीची’ चालेल, कायद्यात नको. न्यूझीलंडने ते करून पाहिलंय. १९९० मध्ये अरामोआनात १३ जणांची हत्या झाल्यावर तिथे १९९२ मध्ये ‘लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुका’ असा वेगळा वर्ग कायद्यात आला. दुमडता दस्ता, संगीन बसवायची सोय, मोठं मॅगझीन अशा खुणांवरून तो ठरे आणि त्याला खास परवाना लागे. पण तीच रायफल लहान मॅगझीनसह साध्या परवान्यावर मिळायची आणि मोठं मॅगझीन वेगळं विकत घ्यायला परवान्याची गरजच नव्हती. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने हीच फट वापरली. त्यानंतर महिन्याच्या आत संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा बदलला. ‘धाटणी’ गेली. लहान क्षमतेच्या .२२ रिमफायर (छोट्या काडतुसाच्या) रायफली आणि काही शॉटगन वगळता अर्धस्वयंचलित बंदुका सरसकट ‘निषिद्ध’ झाल्या. सरकारने पैसे देऊन ५० हजारांवर बंदुका परत घेतल्या.

अशा बंदुकांवरच्या अमेरिकेच्या १९९४ च्या बंदीचंही तसंच. काही मॉडेलं नावानिशी बंद केली, उरलेल्यांसाठी खुणांची यादी. उत्पादकांनी संगीन अडकवायची सोय काढली, नळीच्या तोंडावरचा भाग काढला आणि तीच बंदूक दुकानात आणली. १० हून जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझीनवर बंदी होती, तो त्या कायद्यातला खरा कामाचा भाग. २००४ मध्ये दहा वर्षांची मुदत संपली आणि तोही गेला.

तिसरा प्रतिसाद: शब्दांच्या धाग्यात राजकारण कशाला? लष्कराच्या भाकऱ्या आपण का भाजायच्या?

दुसरा प्रतिसाद, पुन्हा: कारण तिथे निकालच शब्दावर लागतो. लास व्हेगासला २०१७ मध्ये मारेकऱ्याने ‘बम्प स्टॉक’ लावलेल्या रायफली वापरल्या. बंदुकीच्या धक्क्यावरच चाप पुन्हा पुन्हा बोटाला लागेल अशी सोय असलेला हा दस्ता. सरकारने त्याला १९३४ च्या कायद्यातल्या ‘मशीनगन’च्या व्याख्येत (चापाच्या एकाच क्रियेत आपोआप अनेक गोळ्या सोडणारी) घालून बंदी घातली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती रद्द केली: चाप दर गोळीला वेगळा हलतो, मग ‘चापाची एकच क्रिया’ कुठे झाली? न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात म्हटलं ते साधं होतं: बदकासारखं चालतं, पोहतं, ओरडतं, तर मी त्याला बदकच म्हणते. मला त्यांचं पटतं. तरी बहुमताच्या निकालाचा रोख पाहता, हे काम १९३४ च्या व्याख्येवर न ढकलता संसदेने नवा कायदा करून निस्तरायला हवं. त्यात दिसण्याची यादी नको. मॅगझीन काढता येतं का, त्यात किती गोळ्या मावतात आणि पुढची गोळी आपोआप भरते का, एवढंच असावं.

पहिल्या उत्तरात भर: म्हणजे बातमीसाठी ‘लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित रायफल’, आणि मॅगझीनची क्षमता कळली असेल तर तीही द्यावी. ‘मॅगझीन’ला कोणी ‘काडतूसपेटी’ सुचवेल. ती दुकानातली खोक्यातली काडतुसं वाटते. मॅगझीनच राहू द्या.