मदत हवी आहे: सरकारी तूट कमी करायचे प्रयत्न नेमके कशामुळे यशस्वी होतात?

मंडळी, वित्तीय तुटीवर वाचतोय आणि एका ठिकाणी पार अडकलोय. कॅनडाने १९९५च्या बजेटमध्ये खात्यांचा खर्च जोरात कापला आणि १९९७-९८ मध्ये चक्क शिल्लक दाखवली, पण त्याच काळात व्याजदर उतरत होते, चलन स्वस्त होतं, अमेरिकेला निर्यात जोरात होती, मग श्रेय कपातीला द्यायचं की नशिबाला? उलट ग्रीसने २०१० नंतर कपातही केली, करही वाढवले, तरी जीडीपीच जवळपास पाव भागाने आकसला आणि जीडीपीच्या तुलनेत कर्जाचं प्रमाण वाढलंच, किती लोकांचे हाल झाले ते वेगळंच.

अलेसिना वगैरे अर्थतज्ज्ञ म्हणतात की तूट कमी करायला करवाढीपेक्षा खर्चकपात जास्त टिकते. पण ब्लांशार आणि ली या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या (IMF) अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की कपातीचा विकासावरचा फटका आधीच्या अंदाजांत कमी धरला गेला होता. मला तर वाटतं वेळ महत्त्वाची, मंदीत कपात केली की करवसुलीही पडते.

स्वीडनसारखी खर्चाची कमाल मर्यादा कितपत कामाची, सरकार बदललं तरी ती टिकते का? कुणी यावर अभ्यास केला असेल तर प्लीज नीट समजावून सांगा, आणि सुरुवात कुठून करू तेही सांगा.